गिव्ह अप म्हणजे नेमकं काय देणं?

गेल्या जूनमधली गोष्ट. क्लासमध्ये फ्रेजल व्हर्ब्ज शिकवत होते. सांगोल्यात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास भरतो. समोर बारावी झालेल्या, नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुली, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं. फळ्यावर मी 'गिव्ह अप' लिहिलं, बरोबरचं चिन्ह काढलं आणि पुढे लिहिलं, 'सोडून देणे'. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, गिव्ह म्हणजे देणे. अप म्हणजे वर. मग वर देणे म्हणजे सोडणे कसं काय?"

'ते असंच असतं, पाठ कर' हे उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मला माझ्या वेळी तेच मिळालं होतं. पण ही दोन अक्षरांची जोडी मी एकेकाळी फळ्यावर नाही, रोज डोळ्यांसमोर भिंतीवर बघितली होती आणि तिच्यामुळे माझी झोप उडाली होती. म्हणून म्हटलं, "उद्या सांगते." मग त्या रात्री, आणि खरं तर पुढचे कित्येक दिवस, मी तेच शोधत बसले.

हा लेख म्हणजे त्या मुलीला दिलेलं उत्तर आहे, थोडं लांबलेलं.

*

आधी ती भिंत सांगते. इंग्रजीत एम.ए. झाल्यावर मी तीन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. आमच्या अभ्यासिकेत एकशेवीस टेबलं होती आणि माझं एक्केचाळीस नंबरचं. समोरच्या भिंतीवर चर्चिलचा फोटो, तोंडात सिगार, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'नेव्हर गिव्ह अप'. डबा खाताना चर्चिल, चालू घडामोडी वाचताना चर्चिल, निकाल लागल्यावर टेबलावर डोकं टेकून बसले तरी वर चर्चिलच.

माझ्या वहीत इंग्रजीच्या पेपरसाठी केलेली यादी होती. गिव्ह अवे: वाटून टाकणे, गुपित फोडणे. गिव्ह इन: नमते घेणे. गिव्ह आउट: संपणे, बंद पडणे. गिव्ह अप: सोडून देणे. पाठ होती. त्यातल्या शेवटच्या ओळीवर मी कितीतरी वेळा पेन फिरवलं होतं, इतकं की कागद फाटायला आला होता.

*

आता 'वर देणे'.

इंग्रजीत 'अप' हा शब्द नेहमीच दिशा दाखवत नाही. पुष्कळदा तो काम पुरं झाल्याचं सांगतो. ईट म्हणजे खा, ईट अप म्हणजे ताटात काही ठेवू नकोस. यूज म्हणजे वापर, यूज अप म्हणजे वापरून संपव. आपण हेच काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो: खाऊन टाक, जळून गेलं, सांगून टाकलं, सोडून दिलं. 'सोडून दिलं' मध्ये खरंच कोणी कोणाला काही देत नाही. 'देणे' तिथे फक्त शिक्का मारायला उभं असतं. म्हणजे इंग्रज 'देऊन वर' म्हणतो तेव्हा तो 'वर' शिक्का मारतो आणि आपण 'सोडून दे' म्हणतो तेव्हा आपला 'दे' शिक्का मारतो. त्याचं मुख्य क्रियापद ते आपलं मदतनीस. मला याची भारी गंमत वाटली.

पण इंग्रजी कायम अशी नव्हती. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत असे छोटे शब्द बऱ्याचदा क्रियापदाच्या पुढ्यात चिकटत. 'सोडणे, त्यागणे' यासाठी तेव्हा 'ऑफयिएव्हन' असा एक शब्द होता: आधी 'ऑफ', मग 'देणे'. शाळेत आपण संस्कृतचे उपसर्ग शिकतो ना, एकाच धातूचे प्रहार, आहार, संहार, विहार, अगदी त्याच जातीची ही रचना. मग हा छोटा शब्द पुढून उठून मागे कसा जाऊन बसला?

त्याचं एक उत्तर समुद्रावरून आलं.

इसवी सन ७९३ मध्ये व्हायकिंग लोकांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्न बेटावरचा मठ लुटला. पुढची सत्तर वर्षं ते यायचे, लुटायचे, परत जायचे. ८६५ मध्ये मात्र मोठं सैन्य आलं ते राहायलाच. पुढच्या वर्षी त्यांनी यॉर्क घेतलं. ८७८ मध्ये आल्फ्रेड राजाने एडिंग्टनच्या लढाईत त्यांच्या गुथ्रम नावाच्या सरदाराला हरवलं, पण हाकलून देणं काही जमलं नाही. मग सीमा ठरली. उत्तर आणि पूर्व इंग्लंडचा मोठा भाग डेन लोकांच्या कायद्याखाली गेला. त्याला पुढे 'डेनलॉ' म्हणू लागले. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या नावातली शेवटची 'बी' त्यांचीच. त्यांच्या भाषेत तिचा अर्थ गाव, वस्ती.

लुटारू शेजारी झाले की काय होतं? बाजार होतो, लग्नं होतात, बांधावरून भांडणं होतात. या दोघांच्या भाषा एकमेकींच्या चुलतबहिणी होत्या. मूळ शब्द कळायचा, शेपटं वेगळी. विचार करा, आमच्या सांगोल्याचा माणूस आणि कर्नाटकातल्या मराठी गावचा माणूस जनावरांच्या बाजारात भेटले तर दोघंही आपापल्या बोलीचे कंगोरे घासून काढतात. तिथेही तसंच झालं. आज इंग्रजीतले स्काय, एग, नाईफ, विंडो, हजबंड, लॉ हे शब्द मूळचे या पाहुण्यांच्या नॉर्स भाषेतले. 'ते' या अर्थाचा 'दे' सुद्धा. सर्वनाम उसनं घेण्याइतकी ही सोयरीक घट्ट होती.

आणि नॉर्समध्ये तो छोटा शब्द आधीच क्रियापदाच्या मागे बसत होता. 'गेफा उप्प', देणे वर, म्हणजे हवाली करणे, सोडून देणे. इंग्रजीतही ही मांडणी काही अगदी अनोळखी नव्हती, पण तिला बळ मिळालं त्यात नॉर्सचा हात होता, असं भाषेचे अभ्यासक मानतात. आज 'गिव्ह' मधला 'ग' उच्चारतो तोही नॉर्सच्या प्रभावाचा. अस्सल जुना इंग्रजी उच्चार 'य' ने सुरू व्हायचा.

म्हणजे ज्या दोन शब्दांना मी तीन वर्षं घाबरले ते मुळात हार-जितीचे नव्हतेच. ज्यांना लढून एकमेकांना संपवता आलं नाही, अशा दोन माणसांच्या शेजारधर्मात ते वाढले.

*

आता एक किल्ला येतो. खरं तर किल्ले.

इंग्लंडमध्ये पीटरबरो नावाच्या गावी एक मठ होता, जुन्या डेनलॉच्या मुलखातच. तिथले साधू वर्षवार बखर लिहायचे. १११६ मध्ये मठाला आग लागली, त्यानंतर त्यांनी जुनी बखर दुसरीकडून आणून उतरवून घेतली आणि पुढे चालू ठेवली. शेवटचा भाग एका साधूने ११५४ च्या सुमारास लिहिला. तोपर्यंत नॉर्मन लोकांचं राज्य येऊन जवळपास ९० वर्षं झाली होती. दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन. इंग्रजीत लिहिणारा हा माणूस जवळजवळ एकटा उरला होता.

११३७ सालाच्या नोंदीत तो स्टीफन राजाबद्दल लिहितो. राजा मवाळ होता, त्यामुळे सरदार शेफारले. जो तो किल्ले बांधू लागला, गोरगरिबांना वेठीला धरू लागला, पैशासाठी तळघरात कोंडून हाल करू लागला. हे एकोणीस हिवाळे चाललं असं तो म्हणतो. त्याच नोंदीत एक प्रसंग आहे. राजाने सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि चॅन्सेलर रॉजर यांना पकडलं आणि त्यांनी आपले किल्ले हवाली करेपर्यंत तुरुंगात ठेवलं.

'हवाली करेपर्यंत' या जागी त्या साधूने जे लिहिलं आहे, ते वाचायला 'याफन उप' असं काहीसं आहे. उच्चार जुना, 'य' चा. मांडणी नवी, 'अप' मागे. इंग्रजीत सापडणाऱ्या 'गिव्ह अप' च्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक.

मी हे वाचून थांबले. कारण इथे 'गिव्ह अप' चा अर्थ मन खचणं नाही, प्रयत्न थांबवणं नाही. इथे एक वस्तू आहे: किल्ला. एक देणारा आहे: बिशप. आणि एक घेणारा आहे: राजा. अर्थातच राजीखुशीने दिलेला नाही. पण व्यवहार पुरा आहे. कोणी दिला, काय दिलं, कोणाला दिलं, सगळं वाक्यात हजर.

किल्ले म्हटल्यावर मराठी माणसाचं डोकं कुठे जाणार? १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ ठेवले. चौथीत आपण हे आकडे पाठ करतो. पण 'महाराजांनी हार मानली' असं कुठल्या बाईंनी शिकवल्याचं आठवतं का? 'दिले' असंच शिकवतात. कोणाला दिले, कशाच्या बदल्यात दिले, काय राखलं, हे सगळं शिकवतात. १६७० मध्ये ते किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. फेब्रुवारीत कोंढाणा आला. देण्याचा हिशोब लिहिलेला असला की परत घेण्याचाही लिहिता येतो.

*

मग 'गिव्ह अप' मधून घेणारा नाहीसा कधी झाला?

एका रात्रीत नाही. नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच आली आणि तिच्यामागून लॅटिन शब्दांची रांग लागली. सरेंडर, अबँडन, रिनाउन्स, रिझाइन, रिलिंक्विश, अॅब्डिकेट. वकील, राजे आणि पाद्री यांनी ते घेतले. 'सरेंडर' तर पोटात तोच अर्थ घेऊन आला आहे: फ्रेंच 'सर' म्हणजे वर, 'रांद्र' म्हणजे देणे. पुन्हा वर देणेच! फक्त कोट घालून आलेलं. जर्मनमध्येही 'आउफगेबेन', वर देणे म्हणजे सोडून देणे. त्याच क्रियापदापासून झालेल्या 'आउफगाबे' या नामाचे दोन अर्थ आहेत: एक, सोडून देणं, आणि दुसरा, नेमून दिलेलं काम. शाळेतला गृहपाठसुद्धा आउफगाबे. अभ्यासिकेत असताना हे माहीत असतं तर मी खूप हसले असते.

अशा रीतीने इंग्रजीत एका कामाला दोन कपडे झाले, घरातले आणि कचेरीतले. १९३६ च्या डिसेंबरमध्ये आठव्या एडवर्ड राजाने वॉलिस सिम्प्सनशी लग्न करता यावं म्हणून गादी सोडली. ज्या कागदावर सही केली त्यात शब्द 'रिनाउन्स', कायद्यात 'अॅब्डिकेशन'. चहाच्या टेबलावर मात्र लोक म्हणणार, 'ही गेव्ह अप द थ्रोन'.

आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरीचे कपडे घालून. व्याकरणाच्या पुस्तकांतून, भाषांतर पाठमालेतून, अर्जांच्या नमुन्यांतून. म्हणून माझ्या वर्गातल्या मुलांना 'टॉलरेट' कळतं, 'पुट अप विथ' म्हटलं की ती काहीतरी वर ठेवायला बघतात. यात त्यांना लाज वाटण्यासारखं काही नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला जगप्रसिद्ध कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडला की परदेशी माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो. या जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ व्हायला त्यानंतर पावणेदोनशे वर्षं लागली. १९२५ मध्ये लोगन पीअरसाल स्मिथने आपल्या पुस्तकात ते वापरलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं सांगितलं. लोक वस्तू वापरत आधीपासून होते, नाव नंतर पडलं. आपल्या सगळ्या घरगुती गोष्टींचं असंच असतं.

या घरगुती वापरात 'गिव्ह अप' ला फांद्या फुटत गेल्या. बसमध्ये म्हाताऱ्या बाईला जागा दिली की 'गिव्ह अप' सीट. गुन्हेगार पोलिसांसमोर हजर झाला की तो स्वतःला 'गिव्ह अप' करतो. बेसबॉलमध्ये गोलंदाजाने धावा दिल्या तरी तेच. स्टेजवरचा निवेदक गायिकेचं नाव घेऊन 'गिव्ह इट अप' म्हणाला तर घाबरू नका, तो टाळ्या मागतोय.

या सगळ्यांत घेणारा आहे. म्हातारी आहे, पोलीस आहे, समोरचा संघ आहे, गायिका आहे. आता पुढची फांदी बघा. 'गिव्ह अप द घोस्ट' म्हणजे प्राण सोडणे. हा प्रयोग १५२६ च्या टिंडेलच्या आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये आहे. तिथे घोस्ट म्हणजे भूत नव्हे, आत्मा. आणि तो आत्मा परमेश्वराच्या हाती सोपवला जात होता, म्हणजे घेणारा होता. आज हाच वाक्प्रचार फ्रिज बंद पडला की वापरतात. फ्रिज कोणाला काय देतो? पुढे सिगारेट 'गिव्ह अप', साखर 'गिव्ह अप', आशा 'गिव्ह अप'. आणि सगळ्यात शेवटी नुसतंच 'आय गिव्ह अप'. वस्तू नाही, घेणारा नाही. उरला फक्त देणारा, रिकाम्या हातांनी.

अभ्यासिकेच्या भिंतीवर हा शेवटचा अर्थ चिकटवलेला होता.

*

मराठीत काय आहे म्हणून मी मग आपल्याकडे बघायला लागले.

'त्या पैशावर पाणी सोडलं' असं आपण वैतागून म्हणतो. पण पाणी सोडणं हा मुळात दानाचा विधी. हातावर पाणी घेऊन संकल्प करायचा आणि ते सोडायचं, की वस्तूवरचा आपला हक्क संपला. दुसऱ्या टोकाला घेणारा उभा असतोच. 'तिलांजली देणे' मध्येही तीळ आणि पाणी पितरांना दिलेलं असतं, वाऱ्यावर उडवलेलं नसतं. उपवास 'सोडला' म्हणजे तर आपण जेवायला बसलो.

सगळ्यात आवडलेला शब्द 'राजीनामा'. फारसीत तो संमतीचा कागद: राजी आहे असं लिहून दिलेला नामा. मुंबई इलाख्यात खातेदाराला जमीन सोडायची असेल तर तो राजीनामा लिहून द्यायचा आणि ती जमीन घेणारा 'कबुलायत' लिहून द्यायचा. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातही जमीन सोडण्याची रीतसर तरतूद होती. राजीनामा आणि कबुलायत हे दोन कागद जोडीने फिरायचे. एकाने सोडलं, दुसऱ्याने धरलं. पुढे नोकरीत आपण राजीनामा तेवढा ठेवला आणि कबुलायत विसरलो.

आमच्या आप्पांना 'गिव्ह अप' हे शब्द माहीत झाले ते गॅसमुळे. २०१५ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने परवडणाऱ्यांनी सिलिंडरची सबसिडी सोडावी म्हणून 'गिव्ह इट अप' मोहीम काढली. वर्षभरात सुमारे १ कोटी ग्राहकांनी ती सोडली. आमच्या घरी दोन दिवस वाद झाला. आई म्हणाली, "आपल्याला कुठं परवडतंय?" सबसिडी काही सुटली नाही. पण त्या जाहिरातीत एक गोष्ट बरोबर होती. तुम्ही सोडाल ते गरीब घरातल्या चुलीपुढच्या बाईच्या गॅस जोडणीसाठी जाईल, असं सांगितलं होतं. घेणारा दाखवला होता. म्हणून त्या 'गिव्ह अप' ची कोणाला लाज वाटली नाही.

*

राहिला चर्चिल.

२९ ऑक्टोबर १९४१ ला तो हॅरो शाळेत गेला होता. तो त्याच शाळेचा माजी विद्यार्थी. वर्षभरापूर्वी इंग्लंड जवळजवळ एकटं लढत होतं. त्या दिवशी मुलांसमोर त्याने जे भाषण केलं, त्यातून भिंतीवरचं ते वाक्य आलं असं मानतात. पण त्याने तिथे 'गिव्ह अप' म्हटलेलं नव्हतं. शब्द होता 'गिव्ह इन'. आणि त्याला त्याने अपवादही जोडला होता: प्रतिष्ठा आणि शहाणपण यांच्यापुढे नमायला हरकत नाही, असा.

माझ्या जुन्या वहीत दोन्ही एकाखाली एक होते. गिव्ह इन: नमते घेणे. गिव्ह अप: सोडून देणे. पहिल्यात कोणीतरी आपल्याला दाबत असतो. दुसऱ्यात हात आपला असतो, उघडायचाही आपणच. पोस्टर छापणाऱ्याने एक शब्द बदलला आणि अपवाद कापून टाकला. त्या कापलेल्या तुकड्यात शहाणपण होतं. आम्ही एकशेवीस जण त्याच्याखाली बसून मान खाली घालून वाचत होतो.

खरं सांगायचं तर हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सोडलं ते इतिहास वाचून नाही. दुसऱ्यांदा मुख्य परीक्षेच्या यादीत नाव आलं नाही, त्यानंतर दीड महिना मी रोज टेबलावर जाऊन एकाच पानाकडे बघत होते. एका संध्याकाळी जिन्यात उभी राहून आप्पांना फोन लावला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. त्यातलं काहीच बोलले नाही.

"आप्पा, मी परीक्षा सोडते."

पलीकडे मोटर चालू असल्याचा आवाज येत होता. ती बंद झाली.

"डाळिंबाची बाग मी दोन वर्षं उशिरा काढली," आप्पा म्हणाले. "तेल्या आला त्याच वर्षी काढायला पाहिजे हुती. लोक काय म्हणतील म्हणून फवारत बसलो. औषधाचं बिल अजून फिटलं न्हाई."

मी काहीच बोलले नाही.

"खोली कधी सोडणार? टेम्पो लागंल का?"

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा समजूत घालतील. त्यांनी टेम्पोचं विचारलं. माझं जे 'सोडणं' तीन वर्षं छातीवर दगडासारखं होतं, ते त्यांनी उचलून खोलीच्या शेजारी ठेवलं. खोली सोडायची असते. डिपॉझिट परत घ्यायचं असतं. गादी, स्टूल, पुस्तकांचे दोन खोके, एवढ्याला टेम्पो लागत नाही, एसटीने होतं, असं मी सांगितलं.

अभ्यासिकेच्या काकांना टेबल सोडत असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी वही उघडली. वेटिंगला अकरा नावं होती. पहिल्या नावाची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली. मी ड्रॉवर रिकामा करत होते. ती बाजूला उभी राहिली, घाई असूनही न बोलता. मग तिने विचारलं, "ताई, हा लॅम्प तुमचा आहे की टेबलाचा?"

लॅम्प माझा होता. म्हटलं, "राहू दे तुला." फ्रेजल व्हर्ब्जची वहीही तिलाच दिली. तिने लगेच टेबल पुसलं आणि बसली. मी दारातून वळून पाहिलं, तर एक्केचाळीस नंबरवर दिवा लागलेला होता.

पुढे कधीतरी पीटरबरोच्या साधूची नोंद वाचताना मला ते टेबल आठवलं. मी जे सोडलं ते कुठे हवेत गेलं नव्हतं. कोणीतरी ते घेतलं होतं, पुसून.

*

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी फळ्यावर किल्ला काढला. चित्रकला माझी वाईट आहे. मुलांना तो आधी दूध डेअरी वाटला. मग बिशप, राजा, तुरुंग, व्हायकिंग, डर्बीतली 'बी', पुरंदरचे २३ किल्ले, राजीनामा आणि कबुलायत, सगळं सांगितलं. तास संपून वर वीस मिनिटं गेली तरी कोणी उठलं नाही. पोलीस भरतीवाल्या एका मुलाने विचारलं की वयाची मर्यादा संपत आली तर ते गिव्ह अप की गिव्ह इन. मी म्हटलं, त्याचं उत्तर फळ्यावर देता येत नाही, तास संपल्यावर थांब. तो थांबला. तासभर बोललो आम्ही.

पण त्याआधी मागच्या बाकावरच्या त्या मुलीने पुन्हा हात वर केला होता. तिने सगळं उतरवून घेतलं होतं, किल्ल्यासकट.

"मॅडम, मग पेपरात काय लिहायचं?"

"सोडून देणे," मी म्हटलं. "एक मार्क आहे."